कॅसेट टाकून देऊ नका, आक्का!




मागच्या खेपेस इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी का घालू नये ते लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना उत्तरे द्यायची आहेत, पण ती जरा मागे ठेवतो. आज एका व्हिडिओ कॅसेटची हकीकत सांगायची आहे. हकीकत आमच्या दिंडोरीतली, माझ्या शेजारच्या गल्लीतली आहे. पण कपाटावर जुनी कॅसेट नाहीतर डबीत घातलेली लग्नाची सीडी ज्यांच्या ज्यांच्या घरात पडून आहे, त्यांनी ती आपलीच समजून वाचावी.

यंदाच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीतल्या मंडळाने एक चांगले काम केले. नुसता डीजे लावण्यापेक्षा वस्तीतल्या जुन्या, आता हयात नसलेल्या कार्यकर्त्यांची दहा मिनिटांची फिल्म करून पडद्यावर दाखवायची असे ठरले. भाड्याने एलईडी वॉल आणली, बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच. फिल्म बनवायचे काम आक्कांच्या नातवाने अंगावर घेतले. पोरगा नाशिकला कॉलेजात जातो, मोबाइलवर एडिटिंग करतो, वाढदिवसाचे व्हिडिओ करून चार पैसेही मिळवतो. हुशार आहे, पण घाई फार.

त्या फिल्ममध्ये आक्कांचे यजमानही होते. द्राक्षबागेत छाटणीला जाणारा माणूस, पण जयंतीची वर्गणी असो की विहाराच्या भिंतीला विटा वाहणे असो, सगळ्यांच्या पुढे. २००५ साली ते वारले. त्यांचा फोटो घरात एकच, तोही मतदानाच्या ओळखपत्रावरचा. हलते-बोलते चित्र म्हणाल तर एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे थोरल्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. लग्न १९९८ च्या मे महिन्यातले. प्रतिज्ञा झाल्यावर, फुलांच्या पाकळ्या उधळून झाल्यावर त्यांनी माइक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानले होते. नातवाने नेमका तोच तुकडा घेतला होता.

पडद्यावर जे आले तो चेहराच नव्हता. तोंडावर फरशी बसवावी तसे चौकोन, चौकोन. मान आखूड, गाल रुंद. ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. पाठीमागे दोन-चार पोरे हसली. आक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट घेऊन माझ्या दारात उभ्या.

"भाऊ, पोरगं म्हणतं ही खराब झाली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं सांभाळली. टाकून देऊ का आता?"

मी म्हणालो, "आक्का, ही शेवटची लावली कधी?"

त्या विचारात पडल्या. घरातला व्हीसीआर मोडीत जाऊनच पंधरा वर्षे झाली होती. म्हणजे जी कॅसेट इतक्या वर्षांत कोणी लावलीच नाही, ती खराब झाल्याचा निकाल लागून मोकळा!

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा माणूस. कॉम्प्युटर मला माझ्या पोरांनी शिकवला. पण जुन्या धंद्याची एक सवय अजून उपयोगी पडते. आवाज येत नसेल तर आधी स्पीकर बघायचा, मग वायर, मग आतले सर्किट. शेवटाकडून सुरुवातीकडे जायचे. नातवाला समोर बसवले आणि तसेच केले.

"एलईडीवर फिल्म कशी गेली?"

"नाना, डीजेवाल्याच्या लॅपटॉपला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली."

"त्याआधी?"

"मोबाइलमधून एक्सपोर्ट केली. फोर-के मध्ये. सगळ्यात भारी सेटिंग."

"आणि आजोबांचा तुकडा कुठून आणला?"

"मुंबईच्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला. तिच्याकडे सीडी आहे, ती टीव्हीवर लावून तिने मोबाइलने समोरून शूट केलं."

"आणि सीडी?"

ती २००६ साली एका दुकानातून कॅसेटवरून करून आणलेली होती. म्हणजे बघा, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून टीव्ही, टीव्हीवरून मोबाइल, तिथून व्हॉट्सअ‍ॅप, मग एडिटिंग, पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप, मग पडदा. इतक्या हातांतून गेल्यावर कोणाचाही चेहरा फुटेल. पण नुसते एवढे सांगून भागणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणचे दुखणे निराळे आहे.

आधी ठिपक्यांचा हिशेब करू. कुठलेही डिजिटल चित्र म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची जाळी. आपल्याकडच्या कॅसेटचे चित्र कॉम्प्युटरवर घेताना ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके घेतात, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. त्या काळच्या व्हीसीडीत ३५२ बाय २८८ ठिपके बसत, म्हणजे साधारण एक लाख. कॅसेट सीडीवर घेतली त्याच दिवशी जाळीतले चारातले तीन ठिपके गेले. कॅसेटचे चित्र मुळात मऊ असते, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना ते जाणवत नाही. आणि आता पोराने एक्सपोर्ट केली फोर-के मध्ये. त्यात ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. सीडीतल्या एका ठिपक्याच्या वाट्याला ८२ ठिपके आले. नवे काही त्यात आले का? एक शेर पिठाच्या भाकरी शंभर केल्या तर पीठ वाढत नाही, भाकरी पातळ होतात. मोठे रेझोल्यूशन निवडले की चित्र चांगले होते हा आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

गंमत म्हणजे त्या पडद्याला एवढे ठिपके लागतच नव्हते. एलईडी वॉलवाले पी-थ्री, पी-फोर असे म्हणतात, त्यातला आकडा म्हणजे दोन दिव्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये. आमची वॉल पी-फोर होती. बारा फुटांत चार-चार मिलिमीटरवर दिवे मोजा, आडवे साधारण ९०० भरतात आणि आठ फूट उंचीत ६००. वॉल भाड्याने घेताना हा आकडा विचारून घ्या. ९०० ठिपक्यांच्या पडद्यासाठी फोर-के फाइल करणे म्हणजे पाणी भरायला घागर एक आणि सोबत टँकर.

आता चौकोनांकडे येऊ. हे जास्त महत्त्वाचे आहे.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस फोटो. ते सगळे फोटो पुरे साठवायचे म्हटले तर एका लग्नाला कपाटभर डिस्का लागतील. म्हणून फाइल आवळतात, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. ते कसे चालते? मुकादमाची हजेरीवही आठवा. पहिल्या दिवशी तो टोळीतली सगळी नावे नीट लिहितो. दुसऱ्या दिवसापासून फक्त फरक लिहितो, अमका आला नाही, तमकी नवी आली. व्हिडिओतही अधूनमधून एखादे चित्र पूर्ण साठवतात आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवतात. वर-वधू स्तब्ध बसून त्रिशरण-पंचशील घेत आहेत, मागचा पडदा हलत नाही, तोवर मुकादमाला काही काम नाही. चित्र स्वच्छ दिसते. पण पाकळ्या उधळल्या की पडद्यावरची प्रत्येक जागा प्रत्येक क्षणाला बदलते. मुकादमाला रोज अर्धेच पान लिहायची परवानगी आहे. मग तो काय करतो? नावे सोडून देतो आणि लिहितो, "या कोपऱ्यातले सोळा जण, सगळे सारखेच." तो जो सोळा जणांचा गट, तोच आपल्याला पडद्यावर चौकोन म्हणून दिसतो. म्हणून तुमच्या लग्नाच्या सीडीत पाकळ्या, कारंजे, मिरवणुकीतला गुलाल-नीळ आणि नाच एवढेच फुटते, जेवणाची पंगत फुटत नाही.

त्या अर्ध्या पानाला बिटरेट म्हणतात. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट एवढेच मिळत. एडिटिंगच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये एक्सपोर्ट करताना रेझोल्यूशनच्या खाली हा बिटरेटचा आकडा असतो. बहुतेक पोरे तो बघत नाहीत. रेझोल्यूशन फोर-के आणि बिटरेट कमी, म्हणजे ८३ लाख ठिपक्यांची हजेरी त्याच अर्ध्या पानात! त्यापेक्षा छोटे चित्र घेऊन त्याला भरपूर बिट दिले तर ते शंभर पटीने बरे दिसते. साधा हिशेब लक्षात ठेवा. सेकंदाला ८० लाख बिट, म्हणजे अ‍ॅपमध्ये ८ एमबीपीएस, या हिशेबाने एक तासाची फाइल ३.६ जीबी होते. मोठ्या टीव्हीवरच्या फुल एचडीला एवढे द्यायला हरकत नाही.

आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅप. त्याचा आपला डेटा वाचवण्याचा हेतू चांगलाच आहे, पण व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते पुन्हा आवळते. मुकादमाच्या फरकाच्या वहीवरून दुसऱ्या मुकादमाने आणखी छोटी वही उतरवली. पहिल्याने केलेले चौकोन दुसऱ्याला खरेच वाटतात, तो तेही इमानेइतबारे लिहून घेतो आणि वर आपले नवे चौकोन घालतो. आमच्या फिल्मचे हे दोनदा झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्याही डोक्यात ती बरीच वर्षे गोंधळलेली होती. फाइल कॉपी करणे आणि फाइल आवळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅसेटच्या काळात नुसती कॉपी केली तरी चित्र उतरायचे. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, तेव्हाच्या त्या मंडळींना व्हीसीआर जोडून जुळवाजुळव करायचे हे दुखणे चांगलेच ठाऊक असणार. एका कॅसेटवरून दुसरीवर घेतले की रंग फिके, तिसरीवर घेतले की कडा पुसट. डिजिटलमध्ये तसे नाही. पेनड्राइव्हवरून हार्डडिस्कवर हजार वेळा कॉपी करा, एक ठिपकाही हलत नाही. पण एडिट करून पुन्हा एक्सपोर्ट केली, व्हिडिओ म्हणून पाठवली, कुठेतरी चढवून पुन्हा उतरवून घेतली की प्रत्येक वेळी काहीतरी जाते, आणि गेलेले परत येत नाही.

दर ६ डिसेंबरला आपल्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची चित्रे येतात. ७ डिसेंबर १९५६ चा तो दादरचा जनसागर. नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून ती अंत्ययात्रा फिल्मवर टिपून घेतली, म्हणून आपल्या नातवंडांना ती पाहायला मिळते. फिल्मवरचे चित्र कॅसेटपेक्षा कितीतरी बारीक असते. पण मोबाइलवर जे फिरते त्यात माणसांच्या जागी करडे चौकोन दिसतात. फिल्मवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून मोबाइल, आणि पुढे पुन्हा पुन्हा कुठेतरी चढवणे आणि उतरवून घेणे. त्यावर कोणीतरी स्वतःच्या मंडळाचे नाव आणि गाणे चढवून पुन्हा एक्सपोर्ट करतो. पाहणारा म्हणतो, जुने आहे म्हणून खराब आहे. जुने म्हणून नाही हो, आपण आवळून आवळून खराब केले आहे! चांगल्या प्रतीवरून घेतलेली तीच दृश्ये एखाद्या माहितीपटात पाहिली तर गर्दीतला एकेक चेहरा वेगळा दिसतो.

असो. आक्कांच्या घरी परत येतो.

मधल्या दोन दिवसांत नातवाने आणखी एक उपद्व्याप केला होता. फुटलेला तुकडा त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अ‍ॅपला दिला. त्याने चेहरा लखलखीत करून दिला. दात पांढरेशुभ्र, कातडी गुळगुळीत, डोळ्यांत चमक. आक्कांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि विचारले, "हा कोण बाबा?" उजव्या भुवईवरची खूण गेली होती. छाटणी करताना कात्री लागून पडलेली. मी काही या यंत्रांच्या विरुद्ध नाही, पण एक समजून घ्या. जे चित्रात नाही ते हे अ‍ॅप शोधून काढत नाही. लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधते आणि तिथे रंगवते. भिंतीवरच्या फुलदाणीसाठी ठीक आहे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अंदाज नको.

तेव्हा राहिली कॅसेट. नवा व्हीसीआर आता जगात कुठे बनत नाही. फुनाई नावाची जपानी कंपनी शेवटपर्यंत बनवत होती, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये काम थांबवले. माझ्या माळ्यावर एक होता. वाचकांपैकी कोणाकडे चालू व्हीसीआर असेल तर तो भंगारात देऊ नका.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी मागचे झाकण उचलून पट्टी पाहिली. काचेतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली असती तर मी ती लावलीच नसती. बुरशीची कॅसेट व्हीसीआरचे हेड भरवते आणि पुढच्या कॅसेटीही नासवते, ती जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी लागते. आक्कांची कॅसेट लुगड्यात, कोरड्या पेटीत होती. आधी दुसरी एक टाकाऊ कॅसेट लावून यंत्र नीट चालते का ते पाहिले. मग हिची पट्टी एकदा शेवटपर्यंत पुढे नेली आणि पुन्हा मागे आणली, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेले वेटोळे सैल होते.

व्हीसीआरची पिवळी पिन चित्राची आणि पांढरी आवाजाची. ती यूएसबीवर घेणारी छोटी पट्टी बाजारात स्वस्तात मिळते. पहिल्या प्रयत्नात चित्र मधेच उडी मारायचे आणि तिथून पुढे आवाज सरकायचा. लॅपटॉपवर बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले, फाइल पेनड्राइव्हऐवजी सरळ आतल्या डिस्कवर घेतली, तेव्हा थांबले. आणि या टप्प्यावर फाइल फार आवळायची नाही. डीव्ही नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात तासाला सुमारे १३ जीबी लागतात. नातू म्हणाला, "नाना, एवढी मोठी फाइल!" मी म्हणालो, ही बियाण्याची फाइल आहे, खाण्याची नाही. बियाणे एकदाच नीट ठेवायचे.

कॅसेट १८० मिनिटांची होती. भरलेली निघाली दोन तास चाळीस मिनिटे. आणि मुंबईची सीडी किती? सत्तर मिनिटे! एका सीडीत बसत नाही म्हणून २००६ साली कोणीतरी दीड तास कापून टाकला होता, आणि घरात कोणालाही त्याची खबर नव्हती. व्हीसीडीत सव्वा तासाच्या फारसे वर मावत नसे, त्यामुळे त्या काळच्या कितीतरी लग्नांचे असे झाले असणार. तुमच्याकडे सीडी आणि कॅसेट दोन्ही असतील तर वेळ ताडून पाहा.

त्या दीड तासात काय होते ते शेवटी सांगतो. आधी राहिलेली दुरुस्ती.

पहिल्यांदा फाइल लावली तेव्हा माणसे हलली की त्यांच्या कडांना फणीचे दात दिसत होते. नातवाला वाटले, कॅसेट गेलीच. हा दोष नव्हे. जुना टीव्ही चित्र एका दमात दाखवत नसे. आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम क्रमांकाच्या, असे सेकंदाला पन्नास वेळा. मोबाइल आणि एलईडी दोन्ही ओळी एकदम दाखवतात, आणि मधल्या क्षणात हात पुढे गेलेला असतो, म्हणून दात दिसतात. हँडब्रेक नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, त्यात 'डीइंटरलेस' म्हणून पर्याय आहे, तो लावला की दात जातात. पण ते काम लांबी-रुंदी बदलण्याच्या आधी करायचे. आधी चित्र ताणले आणि मग दात काढायला गेलात तर ते कायमचे मिसळून जातात.

गाल रुंद का झाले होते? जुने चित्र चारास तीन या मापाचे, आताचे पडदे सोळास नऊ. मावशीचा टीव्ही ते ताणून पडदाभर करत होता आणि तिने तेच शूट केले. १०८० उंचीच्या फिल्ममध्ये हे चित्र १४४० रुंद बसते, दोन्ही बाजूला काळे पट्टे राहतात. राहू द्या. पट्टा नको म्हणून चित्र ताणले तर माणूस फुगतो, कापले तर डोके उडते.

आणि आवाज मागे का पडत होता? मोबाइल अंधाऱ्या खोलीत शूट करताना सेकंदाला कधी तीस, कधी चोवीस, कधी त्याहून कमी फोटो घेतो. एडिटिंगचे अ‍ॅप धरून चालते की सगळीकडे तीसच आहेत. मग तफावत साठत जाते. मोबाइलचे शूटिंग वापरायचेच असेल तर आधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' फ्रेमरेटवर काढून घ्या, मग एडिटिंगला घ्या. कॅसेटवरून थेट घेतल्यावर आमचा तो प्रश्नच मिटला.

सगळे एडिटिंग झाल्यावर एकदाच, फक्त एकदाच एक्सपोर्ट. एमपी-४, एच-२६४. एच-२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरे, पण जुन्या टीव्हीवर आणि डीजेवाल्यांच्या लॅपटॉपवर कित्येकदा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. ऐन कार्यक्रमात तो घोळ नको. हँडब्रेकमध्ये क्वालिटीचा आकडा असतो, कॅसेटच्या चित्राला १८ ते २२ च्या मध्ये ठेवा. इथे आकडा जितका लहान तितके चित्र चांगले, उलटे आहे ते. फाइल पेनड्राइव्हने द्या. चार जीबीच्या वरची फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल आणि जागा तर भरपूर दिसत असेल, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा आहे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मात्र आतले सगळे आधी काढून घ्या, आणि तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का तेही बघा. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची वेळ आली तर व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तशी ती आहे तशी जाते, दोन जीबीपर्यंत.

आणि ती मोठी बियाण्याची फाइल? तिच्या तीन प्रती केल्या. एक नातवाच्या हार्डडिस्कवर, एक मुंबईच्या मावशीकडे, एक माझ्याकडे. कॅसेट पुन्हा लुगड्यात.

आता त्या दीड तासाचे. रविवारी संध्याकाळी आक्कांच्या घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. गल्लीतली आठ-दहा माणसे जमली. चित्र काही आजच्या मोबाइलसारखे लख्ख नव्हते, कॅसेट ती कॅसेटच. रंग थोडे वाहिलेले, खाली कोपऱ्यात तारीख. पण चौकोन नव्हते, आणि भुवईवरची खूण दिसत होती. आभाराच्या भाषणानंतर सीडी संपायची. कॅसेट पुढे चालू राहिली. मांडव, पंगत, वरणाची बादली घेऊन वाढणारे आक्कांचे यजमान, कपाळावरचा घाम बाहीने पुसत. शूटिंगवाल्याने त्यांना काहीतरी बोलायला सांगितले असावे. ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडं काय बघतोस, तू जेवला का? वरणाला मीठ कमी हाये, मागून घे."

मागे भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी असलेली बाई खळखळून हसली. आक्कांच्या पायाशी बसलेल्या छोट्या नातीने विचारले, "आजी, ही कोण गं?"

"मी गं. मीठ मीच कमी टाकलं होतं," आक्का म्हणाल्या. आणि नातवाला म्हणाल्या, "मागं घे जरा. परत लाव."